सालीवरचा पाहुणा

अननस चिरला की गर ताटात जातो आणि साली केराच्या टोपलीत. निदान परवापरवापर्यंत जात होत्या. हल्ली पुष्कळ घरांत त्या साली काचेच्या बरणीत जाऊ लागल्या आहेत. वरून पाणी, गुळाचे दोन खडे आणि तोंडाला स्वच्छ फडके. दोन-तीन दिवसांत पाणी बोलू लागते, बुडबुडे वर येतात, आणि आंबटगोड, जिभेला किंचित चावणारे पेय तयार होते. मेक्सिकोत त्याला तेपाचे म्हणतात. तेच पाणी गाळून, फडक्याखाली काही आठवडे विसरून जा. त्याचा शिरका होतो.

आंबवणे आपल्याला नवे नाही. कोकणातली माडी, काजूच्या बोंडांचा रस, घरोघरचे दही ही सारी त्याच कुळातली. पण दुधाला आपण हाताने विरजण लावतो. सालीच्या बरणीत कोणीच काही लावलेले नसते. मग ती आंबवतो कोण? प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो खरा, पण याच प्रश्नावर एका माणसाने १८७८ च्या उन्हाळ्यात आपली वीस वर्षांची पत पणाला लावली होती. बँकेत आयुष्य काढल्यामुळे असेल, पत पणाला लावणाऱ्या माणसांविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. हा माणूस म्हणजे लुई पाश्चर.

शाळेच्या पुस्तकातला पाश्चर आपल्याला ठाऊक असतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला मुलगा, १८८५ चा जुलै महिना, लस, आणि वाचलेला जीव. तिथवर पोहोचायच्या आधीचा पाश्चर मात्र दारू, शिरका आणि बीटच्या रसात बुडालेला आहे. त्याचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडल्या दोल गावचा. वडील चामडे कमावणारे, नेपोलियनच्या फौजेतले निवृत्त सार्जंट. बालपण गेले अर्बोआ या द्राक्षमळ्यांच्या गावात. मुलगा चित्रे बरी काढायचा; आईवडिलांची त्याने रंगवलेली चित्रे आजही पाहायला मिळतात. पण तो वळला रसायनाकडे, आणि १८४८ मध्ये, पंचविशीत, त्याने नाव मिळवले ते टार्टारिक आम्लाच्या स्फटिकांवर. हे आम्ल दारूच्या पिंपांत साचणाऱ्या खड्यांतून मिळते. म्हणजे पहिली कमाईही द्राक्षाचीच.

१८५४ मध्ये तो लील शहरात विज्ञान शाखेचा डीन झाला. तिथे बिगो नावाचे एक कारखानदार बीटच्या रसापासून मद्यार्क काढत. त्यांची काही पिंपे अचानक नासू लागली. मद्यार्काऐवजी आंबट गाळ हाती येई. बिगोंचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. १८५६ मध्ये पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन कारखान्यात गेला. चांगल्या पिंपांत त्याला यीस्टच्या गोल गोल पेशी दिसल्या. नासक्या पिंपांत निराळेच, बारीक काड्यांसारखे काहीतरी. दुसऱ्याच वर्षी त्याने दूध आंबण्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सार एवढेच, की आंबणे म्हणजे निर्जीव पदार्थाची कुजकट नव्हे, ते जिवंत सूक्ष्म जीवांचे काम आहे, आणि प्रत्येक आंबण्याचा जीव निराळा.

पुढची वीस वर्षे म्हणजे या एका वाक्यावरचे चक्रवाढ व्याज. शिरक्यावरचा पातळ पापुद्रा हा जिवंत जीवांचा थर आहे, आणि त्याला हवा लागते, हे त्याने दाखवले. म्हणूनच बरणीला झाकण न लावता फडके बांधले तर सालीच्या पाण्याचा शिरका होतो. दारू पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवली तर ती पुढे बिघडत नाही, हेही त्याचेच. पिशवीतल्या दुधावर आज त्याचे नाव आहे ते यामुळे. १८७६ मध्ये त्याचे बिअरवरचे पुस्तक आले. प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला होता आणि निदान बिअरमध्ये तरी जर्मनांवर मात करावी, ही ईर्षा त्यामागे होती.

याच वर्षांत घरात काय चालले होते तेही सांगायला हवे. १८५९ ते १८६६ या काळात त्याच्या तीन मुली गेल्या, दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. पुढचे बहुतेक सारे प्रयोग त्याने दुसऱ्यांच्या हातांनी केले.

आता १८७८ कडे येऊ. त्या फेब्रुवारीत क्लोद बर्नार हे फ्रान्सचे थोर शरीरशास्त्रज्ञ वारले. सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. पाश्चर आणि बर्नार एकमेकांना मानत. १८६६ मध्ये बर्नार आजारी असताना पाश्चरने त्यांच्या कामाचा गौरव करणारा लेख खास त्यांना उभारी यावी म्हणून लिहिला होता. आणि जुलैत मार्सेलाँ बेर्थेलो या रसायनशास्त्रज्ञाने बर्नारांच्या कागदांत सापडलेली टिपणे छापली. त्यांत बर्नारांनी लिहून ठेवले होते की द्राक्षाचा रस आंबायला यीस्टची गरज नाही. पिकलेल्या फळाच्या रसातच एक विरघळणारा घटक असतो, तो मद्यार्क करतो. यीस्ट मागाहून येते.

पाश्चरची पंचाईत झाली. गप्प बसावे तर वीस वर्षांचे काम बुडीत खात्यात. उत्तर द्यावे तर ते एका मृत मित्राला, जो उलट बोलू शकत नाही आणि ज्याने ती टिपणे छापण्यासाठी लिहिली होती की नाही हेही नक्की नाही. पाश्चर स्वभावाने भांडखोर होता, तो गप्प बसणे शक्यच नव्हते. पण केवळ शब्दांनी भांडणे त्याने पसंत केले नाही. त्याने काचेची घरे बनवून घेतली आणि ती अर्बोआजवळच्या आपल्या द्राक्षमळ्यात नेली.

हिशेब साधा होता. उन्हाळ्याच्या मध्याला द्राक्षे कच्ची असतात आणि त्यांच्यावर अजून यीस्ट आलेले नसते. तेव्हाच काही वेली काचेखाली बंद करायच्या, काही घडांना कापूस गुंडाळायचा, आणि वाट पाहायची. ऑक्टोबरात द्राक्षे पिकली. उघड्या वेलींवरच्या घडांचा रस दोन दिवसांत फसफसला. काचेखालच्या घडांचा रस जसाच्या तसा राहिला. द्राक्ष तेच, गोडी तीच, रसातले घटक तेच; फरक एवढाच की सालीवर पाहुणा बसला नव्हता. कापसात गुंडाळलेले घड आगगाडीतून पॅरिसला नेताना बायको आणि मुलगी त्या फांद्या हातांत उभ्या धरून बसल्या होत्या. विज्ञान अकादमीपुढे त्याने पुरावा मांडला, आणि पुढल्या वर्षी बर्नारांच्या टिपणांची चिकित्सा करणारे अख्खे पुस्तक काढले.

नाशिककडचे द्राक्षांचे घड आपण सारे पाहतो. त्यांवरचा पांढुरका थर म्हणजेच यीस्ट, अशी समजूत आहे. तो खरे तर मेणाचा थर. यीस्ट त्यावर चिकटून असते इतकेच. आणि धडधाकट द्राक्षावर दारूचे यीस्ट फारच विरळ असते, हे आता कळले आहे. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवले की गांधीलमाश्या ते आपल्या पोटात हिवाळाभर सांभाळतात आणि पुन्हा मळ्यात आणून सोडतात. पाहुणा बाहेरून येतो, हे पाश्चरचे म्हणणे अशा अनपेक्षित वाटेने आणखी पक्के झाले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारला आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, एडुआर्ड बुख्नर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर रगडून, पेशी फोडून, नुसता रस पिळून काढला. त्यात साखर घातली आणि ती आंबली. एकही जिवंत पेशी नसताना! त्या कामासाठी १९०७ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. म्हणजे द्राक्षाच्या रसात आपोआप काही होत नाही, हे पाश्चरचे खरे. पण मद्यार्क करणारा विरघळणारा घटक असतो, ही बर्नारांची शंकाही पोकळ नव्हती. तो फळात नव्हता, यीस्टच्या पोटात होता. त्या दोघांनी एका टेबलाशी बसून भांडायला हवे होते. एकाचा मृत्यू आड आला आणि दुसऱ्याची ईर्षा.

पाश्चरच्या या ईर्षेचा दुसरा पुरावा त्याच्या वह्यांत आहे. प्रयोगांच्या या वह्या कोणाला दाखवू नका, असे त्याने घरच्यांना बजावले होते. नातवाने त्या १९६४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. १९९५ मध्ये जेरल्ड गाइसन या इतिहासकाराने त्या वाचून पुस्तक लिहिले. १८८१ च्या पुयी-ल-फोरच्या गाजलेल्या प्रयोगात मेंढ्यांना टोचलेली फाशी रोगाची लस पाश्चरच्या हवेच्या पद्धतीची नव्हती. ती रसायन वापरून तयार केलेली होती, आणि रसायनाचा मार्ग आधी सुचवला होता तूसाँ नावाच्या तरुण पशुवैद्याने. लोकांना मात्र उलटच वाटू दिले गेले. मॅक्स पेरुट्झसारख्या नोबेल विजेत्याने पाश्चरची बाजू हिरिरीने घेतली. तरी मेंढ्या वाचल्या होत्या हे जितके खरे, तितकेच तूसाँला त्याचे श्रेय मिळाले नाही हेही खरे. तो १८९० मध्ये अकालीच वारला.

बँकेत रोजकीर्द आणि ताळेबंद या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. ताळेबंद सुबक, जुळलेला, सभेत मांडायचा. रोजकीर्दीत खाडाखोड, उसनवारी, रात्री उशिरा लागलेला मेळ. अनुभवाने सांगतो, संस्था कशी आहे हे रोजकीर्दीतून कळते, आणि ती वाचूनही ज्या संस्थेबद्दलचा आदर उरतो तीच खरी पतीची. पाश्चरच्या बाबतीत माझा उरला. ज्या माणसाने लोकांना आपल्या वह्या पाहू नका असे सांगितले, त्याने त्या जाळल्या मात्र नाहीत. खरे बोलायला तो स्वतः धजला नाही. पण खरे ते पुढच्यांच्या हाती लागावे, इतकी जागा त्याने ठेवली.