समजून घ्या : हाडाच्या कॅन्सरची ‘स्टेज’ कशी ठरते? टेरी फॉक्सची दौड का थांबली?

कृत्रिम पाय लावून १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी गेला. कॅन्सरची गाठ असलेला पाय तर काही वर्षांपूर्वीच कापला होता. मग आजार परतला कुठून?

आजार कसा कळला?
टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी विनिपेगमध्ये झाला. तो कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळायचा. नोव्हेंबर १९७६ मध्ये कारच्या अपघातात त्याच्या उजव्या गुडघ्याला मार लागला. नंतरचे दुखणेही त्याचेच समजून तो खेळत राहिला. मार्च १९७७ मध्ये ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर असल्याचे निदान झाले. पाय गुडघ्याच्या वर कापण्यात आला आणि १६ महिने केमोथेरपी चालली. वॉर्डातल्या रुग्णांचे हाल पाहून त्याने संशोधनासाठी निधी उभारायचे ठरवले.

स्टेज कशी ठरवतात?
आज डॉक्टर प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतात.

- गाठ कुठवर : एमआरआयमध्ये गाठीचा आकार आणि ती हाडाबाहेर आली आहे का, हे दिसते.
- ग्रेड किती : बायोप्सीतून पेशी किती आक्रमक आहेत, हे कळते.
- पसरला का : छातीचा सीटी स्कॅन, तसेच बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन करतात. हा कॅन्सर रक्तावाटे बहुतेक वेळा आधी फुप्फुसांत जातो.

अमेरिकी सर्जन विल्यम एनेकिंग यांनी १९८० मध्ये मांडलेल्या पद्धतीत कमी ग्रेड म्हणजे पहिली स्टेज, जास्त ग्रेड म्हणजे दुसरी आणि शरीरात इतरत्र पसरलेला कॅन्सर म्हणजे तिसरी. टीएनएम पद्धतीत मात्र पसरलेला कॅन्सर चौथ्या स्टेजमध्ये धरतात. त्यामुळे रिपोर्टमधली स्टेज कोणत्या पद्धतीची आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दौड का थांबली?
१२ एप्रिल १९८० रोजी टेरीने सेंट जॉन्स येथून दौड सुरू केली. तो रोज सुमारे ४२ किलोमीटर धावायचा. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ खोकला आणि छातीतल्या वेदनांमुळे त्याला थांबावे लागले. कॅन्सर फुप्फुसांत पोहोचला होता.

गाठ काढण्याआधीच काही पेशी तिथे गेलेल्या असू शकतात. सुरुवातीला त्या इतक्या सूक्ष्म असतात, की तपासणीत दिसत नाहीत. म्हणूनच ऑस्टिओसार्कोमात शस्त्रक्रियेसोबत सहसा केमोथेरपी देतात आणि नंतर अनेक वर्षे छातीची तपासणी करतात.

पुढे काय झाले?
फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २.४ कोटी डॉलरवर गेला, म्हणजे दर कॅनडावासीयामागे एक डॉलर. २८ जून १९८१ रोजी टेरीचे निधन झाले. त्याच्या नावाची दौड आजही अनेक देशांत होते.

कधी सावध व्हावे?
मार लागल्यानंतरचे दुखणे काही आठवड्यांत कमी झाले नाही, रात्री वाढले किंवा सूज आली, तर एक्स-रे काढून घ्या. पसरण्याआधी निदान झाले, तर बरे होण्याची शक्यता बरीच जास्त असते.