डॉ. रुस्तम जाल वकील

शहापुराहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातसा नदीच्या तीरी सापगाव वसले आहे. ह्या गावाचे नाव ऐकले की सर्पगंधा ह्या वनस्पतीची आठवण होते. ही लहानशी वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या रानांतही उगवते. तिचे वेडेवाकडे मूळ सर्पासारखे दिसते आणि फार प्राचीन काळापासून सर्पदंशावर व उन्मादावर ते वापरीत आले आहेत. बिहारात तर ह्या मुळीस वेड्यांचे औषध असेच नाव पडले होते. ह्या मुळीचा गुण जगापुढे सप्रमाण मांडणाऱ्या एका मुंबईकर वैद्याचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावे, असे मनात आहे.

रुस्तम जाल वकील ह्यांचा जन्म इ. स. १९११ मध्ये मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. लंडन येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले व मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात रुग्णसेवा करू लागले. हृदयविकार हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. रक्तदाबाच्या विकारावर त्या काळी खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते.

सर्पगंधेकडे लक्ष जाणारे वकील हे काही पहिले नव्हेत. इ. स. १९३१ मध्ये बंगालचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी उन्माद व रक्तदाब ह्या दोहोंवर तिचा उपयोग होतो असे लिहिले होते. परंतु ते लिखाण परदेशी वैद्यांपर्यंत फारसे पोहोचले नाही. वकिलांनी जुन्या औषधाची थट्टाही केली नाही आणि त्यावर आंधळा विश्वासही ठेवला नाही. त्यांनी रुग्णांस औषध दिले, रक्तदाब वरचेवर मोजला आणि नोंदी ठेवल्या. पन्नास रुग्णांवरील हा अनुभव इ. स. १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध होताच देशोदेशींच्या वैद्यांचे लक्ष ह्या मुळीकडे वेधले.

पुढे इ. स. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी ह्या मुळीतून रेसर्पीन नावाचे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. इ. स. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन ह्यांनी ते दिले, तेव्हा वर्षानुवर्षे कोंडलेले कित्येक क्षुब्ध रुग्ण शांत झाले. मात्र रक्तदाबासाठी तेच औषध घेणारे काही लोक उदास, खिन्न व निराश झाल्याचेही वैद्यांस आढळले. एकाच द्रव्याने एकाचा उन्माद शमावा आणि दुसऱ्यास विषादाने ग्रासावे, हे कोडे कसे सुटावे?

उत्तर मेंदूच्या सूक्ष्म पेशींत सापडले. मज्जापेशी एकमेकींस निरोप पाठवितात तो सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन अशा रसायनांच्या द्वारे. ही रसायने पेशीतील अतिसूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. रेसर्पीनचा रेणू ह्या पिशव्या भरणारी यंत्रणाच बंद पाडतो. मग बाहेर राहिलेली रसायने पेशीतच नाश पावतात आणि निरोप पाठविण्यास काही उरत नाही. स्वीडनचे आर्विड कार्ल्सन ह्यांनी रेसर्पीन देऊन सुस्त केलेल्या सशांस डोपामिनचे पूर्वद्रव्य टोचले, तो ते पुन्हा हालचाल करू लागले. ह्या शोधमालिकेबद्दल त्यांस इ. स. २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. विषाद म्हणजे केवळ एका रसायनाची उणीव, इतके हे प्रकरण सोपे नाही, हे पुढील संशोधनाने दाखविले. तथापि मनाच्या विकारास शरीरात पाया असतो, ही दृष्टी दृढ झाली.

वकिलांस इ. स. १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्या सन्मानाच्या मानकऱ्यांत क्लाइनही होते. भारत सरकारने इ. स. १९५८ मध्ये वकिलांस पद्मभूषण किताब दिला. रोगनिदानावरील त्यांचे ग्रंथ वैद्यकाच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासले. इ. स. १९७४ मध्ये त्यांचे देहावसान झाले. रेसर्पीनची जागा आता बहुतांशी अधिक निर्धोक औषधांनी घेतली आहे. सर्पगंधा मात्र मुळांसाठी बेसुमार खणली गेल्याने रानांत दुर्मिळ झाली.

पालकहो, घरातील कोणी एकाएकी अबोल झाले, रात्र रात्र जागू लागले, किंवा इतरांस न ऐकू येणारे आवाज त्यास ऐकू येऊ लागले, तर आपण भूतबाधा समजून अंगारे-धुपारे करितो, किंवा लाजेने त्यास घरात लपवितो. ताप आला असता आपण असे करीत नाही. ठाण्यास इ. स. १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. रानातील मुळी आपल्याच मनाने उगाळून देणे हेही तितकेच घातक होय, कारण मात्रा चुकली तर औषधच विष होते.

विद्यार्थिमित्रहो, वकिलांनी नवी वनस्पती शोधली नाही. सर्वांच्या पायाखाली असलेली मुळी त्यांनी काळजीपूर्वक तपासली आणि जे आढळले ते प्रामाणिकपणे लिहिले. आपल्या रानावनांकडे पाहताना हा धडा स्मरणात असू द्यावा.