डॉ. रखमाबाई

नववीत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. तिचे आईवडील दर साली कळंब तालुक्यातून ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल घेतलेली, वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? टोळी निघायच्या आधी घाईघाईने तिचे लग्न उरकले. आम्ही मुली हौसेने मेंदी काढायला गेलो. गावचा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, हे मला फार उशिरा कळले.

यंदा डॉ. रखमाबाईंचे चरित्र वाचताना तीच डोळ्यांपुढे येत होती.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ साली झाला. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागले. पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. पुढे सासरी जायला त्यांनी साफ नकार दिला. न कळत्या वयात लावलेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. १८८४ मध्ये दादाजींनी नांदायला येण्याचा दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात फिरला. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सासर किंवा सहा महिन्यांची कैद, असे दोन रस्ते ठेवले. बाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली! केसरीने झोड उठवली, मलबारींसारखे सुधारक पाठीशी राहिले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. लगेच पुढच्या वर्षी त्या विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांवर उपचार केले.

या खटल्याच्या गदारोळानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. दहाचे वय बारा झाले, इतकेच. आणि आमचा मुलूख तेव्हा निजामाकडे, म्हणजे तोही इकडे लागू नव्हता.

एक गोष्ट मात्र मला टोचते. रखमाबाईंच्या घरी डॉक्टर असलेले सावत्र वडील होते, वकील देण्याची ऐपत होती. टोळीतल्या मुलीने नकार द्यायचा तो कोणाच्या जोरावर? कायद्याने आता वय अठरा आहे; पण ग्रामसेवकाच्या दारापर्यंत तिच्याबरोबर कोणी तरी चालत जायला हवे ना! आम्ही तर मेंदीचे कोन घेऊन गेलो होतो.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्यात नांदायला येण्याचा दावा कलम ९ म्हणून राहिलाच. कैद तेवढी गेली.

मैत्रीण संक्रांतीला भेटली. कडेवर मूल होते. आता कितवीला आहेस, असे तिने मला विचारले.