विश्लेषण : कैसर विल्हेल्मवर खटला का चालला नाही?

जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा (१८५९-१९४१) १८८८ मध्ये गादीवर आला. पहिले महायुद्ध हरताच नोव्हेंबर १९१८ मध्ये त्याने नेदरलँड्समध्ये आश्रय घेतला. १९१९ च्या व्हर्साय तहातील कलम २२७ नुसार पाच देशांच्या न्यायाधीशांपुढे त्याच्यावर खटला चालणार होता. मात्र युद्धात तटस्थ राहिलेल्या नेदरलँड्सने १९२० मध्ये त्याला सोपवण्यास नकार दिला. खटला उभाच राहिला नाही. डोर्न गावी लाकडे फोडत त्याने उरलेले आयुष्य काढले.

आज त्याच देशातील हेग शहरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. तेथे राष्ट्रप्रमुखपदाची ढाल चालत नाही. पण न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत. आरोपीला पकडून सोपवणे आजही देशांच्याच हाती आहे.