अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम



निकाल लागले की जुने विद्यार्थी शाळेच्या कार्यालयात डोकावतात. कोणी पेढे घेऊन येतो, कोणी दाखल्याची दुसरी प्रत मागतो. या वर्षी एक मुलगा चारित्र्य प्रमाणपत्र मागायला आला. नोकरीसाठी हवे होते. बी.कॉम.चे एक वर्ष झालेले, पण घरी पैशांची ओढाताण, पुढची फी भरणे शक्य नाही, म्हणून कॉलेज सोडतोय, असे त्याने खाली मान घालून सांगितले. कॉलेजला तसे लिहून दिलेस का, असे विचारले तर म्हणाला, नाही, जाणेच बंद केले. त्या दिवशी त्याला बाबासाहेबांची जी हकिगत सांगितली, तीच आज या पानावर सर्वांसाठी लिहीत आहे.

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला. आपल्या इंदूरहून महू किती जवळ, हे आपल्याला माहीतच आहे. त्यामुळे त्यांचे चरित्र आपण पाठ केल्यासारखे सांगतो: गरिबी, अपमान, मग परदेशी पदव्या, मग संविधान. मधली काही वर्षे मात्र गाळली जातात. त्या वर्षांत बाबासाहेबांचेही विद्यापीठ पैशांअभावी सुटले होते.

त्यांच्या शिक्षणाला पैशांची पहिली अडचण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातच आली. वडील रामजी सुभेदार निवृत्त झालेले, आणि इंटरनंतर पुढचा खर्च त्यांना झेपेना. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांनी या मुलाची गोष्ट बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कानावर घातली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए. झाले. पुढे १९१३ मध्ये महाराजांनीच अमेरिकेला पाठवले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची होती. तसा करारच लिहून झाला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. साडेअकरा पौंडांतूनच घरीही पैसे पाठवावे लागत, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय उरत असेल याचा हिशेब पालकांनीच करावा.

१९१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, शिवाय बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. अभ्यास जेमतेम रुळावर आला होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला. वय २६. प्रबंध अपुरा, बॅरिस्टरी अपुरी, खिशात पैसा नाही, वर पहिले महायुद्ध पेटलेले. परतण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

त्या वेळी त्यांनी काय केले, ते मला फार महत्त्वाचे वाटते. ते रागावून किंवा शरमेने गुपचूप निघून आले नाहीत. त्यांनी विद्यापीठाकडे रीतसर परवानगी मागितली. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी शिफारस केली आणि ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यासक्रम पुढे चालू करता येईल, अशी मुभा मिळाली. शिक्षण थांबले, पण विद्यापीठात त्यांचे नाव कायम राहिले. एका अर्जाने हे साधले.

परतीच्या प्रवासात आणखी एक घाव बसला. सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. त्याची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला.

बडोद्यातले दिवस विद्यार्थ्यांनी मोठे झाल्यावर त्यांच्याच आत्मकथनात वाचावेत. इथे थोडक्यात सांगणे भाग आहे. कोलंबियाची पदवी घेतलेल्या या अधिकाऱ्याला गावात कोणी राहायला जागा देईना. कचेरीतले शिपाई विटाळ नको म्हणून फायली लांबूनच टाकत. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. शेवटी मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. नोकरी तिथेच संपली.

म्हणजे पदवी अपुरी, आणि जिच्यासाठी परत यावे लागले ती नोकरीही गेली. मुंबईत परळच्या चाळीत घरातली माणसे त्यांच्या कमाईकडे डोळे लावून बसलेली. त्यांनी मिळेल ते काम धरले. शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला, पण जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी. चांगल्या घरात जाता आले असते, लंडनचे नाव काढले नसते तरी कोणी बोट ठेवले नसते. ते मात्र त्याच चाळीत राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन बाकीचे शिल्लक टाकू लागले. त्या ठरावीक पैशांत संसार रमाबाईंनी चालवला. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी भिंतीवर लावताना हे नाव आपण विसरतो, असे मला नेहमी वाटते.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. बचत होती, पण पुरेशी नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. भथेना पारशी होते. बडोद्यात लाठ्या घेऊन आलेलेही पारशीच होते. माणसांना घाऊक भावाने तोलू नये, हे मी वर्गातही सांगते.

सप्टेंबर १९२० च्या अखेरीस ते पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हजर झाले. चार वर्षांची मुदत होती, ते तीन वर्षांतच परतले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे, दुपारचे जेवण बहुधा टाळायचे, रात्री चहाबरोबर पापड भाजून खायचे, असा क्रम होता. इकडे मुंबईत रमाबाईंचे हाल वेगळेच चाललेले. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. नंतर रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे परत संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला, लंडनला पाठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली. १९१६ मध्ये घातलेल्या नावाचे काम सात वर्षांनी पुरे झाले. कोलंबियाची पीएच.डी.सुद्धा प्रबंध १९२५ मध्ये छापला गेल्यावर, १९२७ साली हाती आली.

त्या मुलाने सगळे ऐकून घेतले. मग त्याने एकच प्रश्न विचारला: मॅडम, पण माझ्यासाठी शिफारस कोण करणार? प्रश्न बरोबर होता. केळूसकर, कॅनन, भथेना भेटले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही दोघांनी मिळून त्याच्या प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. हिंदीतच लिहिला, कारण माझी स्वतःची पदवी हिंदी माध्यमाची, अर्जाची भाषा अजूनही मला हिंदीतच सुचते. एका वर्षाचा खंड मंजूर व्हावा आणि फी हप्त्यांनी घ्यावी, असे त्यात मागितले. तो सध्या एका दुकानात हिशेबाचे काम करतो. कॉलेजचे उत्तर अजून आलेले नाही.

आपल्या शाळेतून गेलेल्या आणखी कोणावर अशी वेळ आली असेल, तर कॉलेजातून टीसी काढण्याआधी एकदा मला येऊन भेटावे. शाळा चालू असताना रोज ११ ते १२ मी कार्यालयात असते. पालकांनी संकोच करू नये.

– मुख्याध्यापिका