पडद्यावर गोकुळ अवतरले

श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री पाळणा हालतो, सुंठवडा वाटला जातो आणि गोकुळ पुन्हा एकदा घरोघरी अवतरते. येरळाकाठच्या वडूजमध्ये काय किंवा मुंबईत काय, कृष्णकथा पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनकारांच्या मुखातून ऐकली गेली. तिला हलत्या चित्रांचे रूप देणारे कलावंत म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. आजच्या मंगलदिनी त्यांच्या चरित्राचे स्मरण उचित ठरेल.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रण आत्मसात केले. गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय मांडला, तोच प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले. त्यांनी छपाईचा व्यवसाय केला, जादूचे प्रयोगही केले. आडनावाची अक्षरे उलटी करून ते प्रोफेसर केळफा या नावाने रंगमंचावर उभे राहत. हीच जादूविद्या पुढे भक्तीच्या सेवेला लागावयाची होती.

१९१० च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्या ध्यासापायी दृष्टी जाण्याची वेळ आली. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ मध्ये विलायतेस जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सर्व भार उचलला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला.

१९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ आला. कॅमेरा थांबवून वस्तू बदलली की पडद्यावर ती एकाएकी पालटते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की दोन दृश्ये एकत्र दिसतात. अशा युक्त्या फाळक्यांना ठाऊक होत्या. परंतु त्यांचा उपयोग त्यांनी केवळ प्रेक्षकांना थक्क करण्यासाठी केला नाही. कंसाला आपलेच मस्तक धडावेगळे होताना दिसते. सभोवती एक नव्हे, अनेक कृष्ण उभे राहतात. हा चमत्कार महालात घडत नसून कंसाच्या मनात घडतो. पापी माणसाला शिक्षा होण्यापूर्वीच त्याचे भय कसे ग्रासते, हे एका शब्दाविना प्रेक्षकांना उमगले. कीर्तनकार ज्यासाठी घटकाभर निरूपण करील, ते येथे क्षणात साधले.

पुढील वर्षीच्या ‘कालियामर्दन’मध्ये बालकृष्ण झाली ती त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी. घरंदाज स्त्रियांनी तोंडाला रंग लावणे निंद्य मानले जाई, त्या काळी पित्याने स्वतःच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभे केले. चित्रपटाच्या आरंभी तिच्या मुखावर एकामागून एक भाव उमटतात आणि मग तीच कृष्ण होते. सोंग आहे हे सांगूनच फाळके सोंग उभे करतात; तरीही श्रद्धेला तडा जात नाही.

कालियाशी झुंज चालू असता दृश्य वारंवार पालटते. क्षणात यमुनेच्या जलातील युद्ध, क्षणात काठावर व्याकुळ गोकुळ आणि मूर्च्छित यशोदा. त्यामुळे देवाचा पराक्रम आईच्या काळजाने मोजला जातो. लोणी चोरणारे खोडकर पोर आधी आपलेसे झालेले असते, म्हणूनच फणीवर नाचणारा कृष्ण पाहताना प्रेक्षकांचे हात आपोआप जुळतात.

पुढील आयुष्य मात्र कष्टाचे गेले. भागीदारांशी मतभेद झाले, काही काळ त्यांनी काशीस वास्तव्य केले. बोलपट आल्यावर मूकपटांचे युग संपले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले. त्यांचे बहुतेक चित्रपट काळाच्या उदरात गडप झाले. सुदैवाने या दोन्ही कृष्णपटांचे काही भाग वाचले आहेत.

जत्रेतील तंबूत देवादिकांचे चित्रपट पाहिलेल्या आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना ते जुळलेले हात आठवत असतील. दादासाहेबांनी जादू शिकली, पण तिच्याकरवी दाखविले ते माणसाचे मन. आज पाळण्याची दोरी ओढताना या द्रष्ट्या कलावंतालाही वंदन करावे.