आभाळ आणि हायब्रीड यांच्यामधले वसंतराव

कारंजा तालुक्यातील धनज परिसराच्या काळ्या जमिनीत आता पावसाळ्यात नजर जाईल तिथे सोयाबीन डोलते. याच वऱ्हाडात एकेकाळी कपाशीच्या जोडीला ज्वारी असे. दाणा माणसाला, कडबा बैलाला असे ते सरळ गणित होते. हे गणित ज्या काळात मोडू लागले, त्या काळात राज्याची सूत्रे पुसदकडच्या एका शेतकऱ्याच्या हाती होती. वसंतराव नाईक यांचे चरित्र म्हणूनच एका राजकारण्याच्या चरित्रापुरते उरत नाही.

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे एका बंजारा कुटुंबात वसंतरावांचा जन्म झाला. आजोबा चतुरसिंग यांनी भटकंती थांबवून हे गाव वसविले होते. रानावनातून बैलांचे तांडे हाकणारा समाज नुकता कुठे नांगराला स्थिरावत होता, आणि त्या घरातला मुलगा नागपूरला जाऊन वकील झाला. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली उमेदवारी करून त्यांनी पुसदला वकिली सुरू केली. वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी केलेला आंतरजातीय विवाह त्या काळी मोठ्या खळबळीचा ठरला. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष, तर १९५२ मध्ये आमदार झाले.

१९५६ मध्ये द्विभाषिक राज्याचे मंत्री म्हणून मुंबईला आल्यावर त्यांना मलबार हिलवरील ‘डग बीगन’ नावाचा बंगला मिळाला. नाईक यांनी त्याचे नाव बदलून ‘वर्षा’ ठेवले. समुद्राकाठच्या महानगरात राहूनही या गृहस्थाचे मन कोरडवाहू शिवारातच अडकले होते, याचा यापेक्षा बोलका पुरावा शोधावा लागत नाही. पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांनी ते घर सोडले नाही आणि ‘वर्षा’ हेच मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ठरून गेले.

डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्रिपद आले तेव्हा राज्य परदेशी धान्यावर विसंबून होते. पावसावर प्रेम करणाऱ्या या माणसाला पावसावर भरवसा ठेवता येत नव्हता. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास फाशी जाण्याची तयारी जाहीर केली. ती मुदत पाळली गेली नाही, हे नोंदवायलाच हवे. मात्र त्या ईर्ष्येतून संकरित बियाणे, रासायनिक खते, विहिरी आणि विजेचे पंप खेड्यापाड्यांत पोहोचले.

‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा देशातील पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. खत-पाणी मिळाले तर त्याचे उत्पन्न गावरान वाणापेक्षा पुष्कळ अधिक होते. धान्याची टंचाई सोसलेल्या घरांना त्याचे मोल ठाऊक होते. पण ताट बुटके असल्याने कडबा कमी पडू लागला. वाण लवकर पक्व होई, त्यामुळे परतीच्या पावसात कणसे सापडून दाणा काळा पडे. घरचे बियाणे राखून ठेवण्याची सोय संपली. दरवर्षी नवी पिशवी घेणे आले. भाकरीला जुनी गोडी नाही, ही तक्रार तर घरोघरी होती. ‘हायब्रीड’ हा शब्द बोलीत नाजूक, दमछाक होणाऱ्या माणसासाठी वापरला जाऊ लागला, तो उगीच नव्हे. या साऱ्याचा दोष एकट्या नाईकांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण त्यांच्या श्रेयाची यादी करताना ही बाजू गाळण्याची जी पद्धत पडली आहे, तीही योग्य नाही.

यंत्रयुगाची दुसरी बाजू त्यांनी मुख्यमंत्री म्हणून जवळून पाहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. राज्याला वीज देणाऱ्या धरणाच्या जलाशयाचाच या भूकंपाशी संबंध असल्याचे शास्त्रज्ञांनी पुढे दाखविले. धरणाची डागडुजी होऊन ते बळकट करण्यात आले. वीज तर हवीच होती.

१९७२ च्या दुष्काळाने मात्र धोरणाला निराळे वळण दिले. संकरित बियाण्यालाही पाणी लागते, आणि पाणीच नव्हते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना या काळात राज्यभर राबविली गेली आणि हजारो हातांनी पाझर तलाव व नालाबांध उभे केले. माती, दगड आणि उताराची समज एवढ्याच भांडवलावर पावसाचे पाणी जमिनीत मुरविणारे हे तंत्र होते. नाईक यांच्या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ काम कोणते, असा प्रश्न आला तर या तलावांकडेच बोट दाखवावे लागेल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे याच राजवटीतली. अकोल्याच्या विद्यापीठाला तर त्यांच्या जुन्या ज्येष्ठाचे, पंजाबरावांचे नाव लाभले.

सलग अकरा वर्षांहून अधिक काळ पद सांभाळून फेब्रुवारी १९७५ मध्ये ते पायउतार झाले. १९७७ च्या निवडणुकीत वाशीम मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. त्या सभागृहाची मुदत संपण्यापूर्वीच, १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला, तोही १ जुलैलाच. धनजच्या शिवारात त्या सुमारास पेरणीची लगबग असते. तिफणीच्या जागी ट्रॅक्टर आला, बियाण्याच्या पिशव्या दुकानातून येतात, आणि पेरणारा अधूनमधून मान वर करून ढग पाहतो.